आमच्या घरी टायगर राहतो

‘जर्मन शेफर्ड? चंद्रपुरात? अगं, तिथं माणसं भाजून निघतात, कुत्र्याचं काय होणार?’ ही पुण्यातल्या मैत्रिणीची पहिली प्रतिक्रिया. ‘सो क्यूट! पिल्लू किती महिन्यांचं आहे?’ ही दुसरीची. आणि ‘व्हरांड्याच्या आत त्याचं एक पाऊल पडलं, तर मी तुझ्या मावशीकडे राहायला जाईन’ ही आमच्या मातोश्रींची.

तिघींनाही नीट उत्तर द्यायचं राहिलंय. पिल्लू वगैरे काही नाही. २०२३च्या जानेवारीत आमच्याकडे आला तेव्हा हा गृहस्थ सहा वर्षांचा होता. वजन चौतीस किलो, सवयी पक्क्या, मतं ठाम. थोडक्यात, सेकंड हँड. तुमच्यापैकी जे लोक रविवारी दुपारी लोळत अ‍ॅडॉप्शनचे फोटो स्क्रोल करतात आणि ‘घ्यावा का यार एक?’ म्हणत पुढच्या फोटोवर जातात, त्यांच्यासाठी ही आमच्या सेकंड हँड शेफर्डची गोष्ट.

नावापासूनच सुरुवात

आधीच्या मालकांनी त्याचं नाव ठेवलं होतं, टायगर. आता हे नाव मुंबई-पुण्यात चालून जातं. आमच्याकडे नाही. आम्ही राहतो तुकूमला, म्हणजे चंद्रपूरहून ताडोबाच्या दिशेनं निघालात की गाव संपता संपता लागणारा भाग. पलीकडे दुर्गापूर, ऊर्जानगर, २,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या खाणी आणि मध्ये मध्ये माजलेली झुडपं. ताडोबा १९५५पासून राष्ट्रीय उद्यान आहे, १९९५पासून व्याघ्र प्रकल्प. कोअर आणि बफर मिळून १,७२७ चौरस किलोमीटर. पण ही रेघ नकाशावर. वाघ-बिबट्यांना ती कोण दाखवणार? २०२२च्या फेब्रुवारीत दोन दिवसांत लागोपाठ दोन जीव गेले. वीज केंद्रातला एक कामगार वाघाच्या हल्ल्यात, आणि दुर्गापूरचा एक सोळा वर्षांचा मुलगा बिबट्याच्या. त्यानंतर कित्येक दिवस संध्याकाळी सातनंतर आमच्या भागात चिटपाखरू दिसत नव्हतं.

अशा वस्तीत पहाटे रस्त्यावर उभं राहून ‘टायगर! टायगर!’ ओरडून बघा. मी पहिल्या दिवशी ओरडले, तर समोरचे मॉर्निंग वॉकवाले आजोबा चपला सोडून कुणाच्या तरी कंपाउंडमध्ये शिरले. मग आम्ही ठरवलं, नाव घरात, शिटी बाहेर. आणि गंमत म्हणजे शिटीवर तो जास्त चांगला ऐकतो. नंतर वाचलं, मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांना लांबून शिटीवरच कामं सांगतात. म्हणजे तो त्याची मातृभाषा ऐकत होता म्हणायचं!

नावावरून आठवलं. या अख्ख्या जातीची सुरुवातच सेकंड हँड कुत्र्यापासून झालीय. १८९९मध्ये मॅक्स फॉन स्टेफानिट्झ नावाच्या जर्मन लष्करी अधिकाऱ्यानं कार्ल्सरुहेच्या प्रदर्शनात एक चार वर्षांचा मेंढपाळ कुत्रा बघितला, तिथंच विकत घेतला आणि त्याचं ‘हेक्टर’ हे नाव बदलून ‘होरांड’ ठेवलं. त्याच वर्षी या जातीचा क्लब निघाला आणि नोंदवहीतला पहिला नंबर या होरांडला मिळाला. जगातला नोंद झालेला पहिला जर्मन शेफर्ड म्हणजे पूर्ण वाढ झालेला, मालक बदललेला, नाव बदललेला कुत्रा. तेव्हा ‘लहानपणापासून वाढवला तरच आपला होतो’ हा फंडा जरा बाजूला ठेवायला हरकत नाही.

दोनशे पानी वही

टायगरचे आधीचे मालक कोळशाच्या खाणीत ओव्हरमन होते. रिटायर झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली. मुलगी-जावई पुण्यात, अकराव्या मजल्यावर. काकूंचे गुडघे गेलेले. सगळं सामान जाणार होतं, टायगर जाऊ शकत नव्हता.

घ्यायला तयार असलेले लोक कमी नव्हते. पण सगळ्यांना ‘राखणीला’ हवा होता. एकाला वीटभट्टीवर, एकाला शेतावर. मूलचा एक राइस मिलवाला तर पाच हजार मोजायला तयार होता. काका सगळ्यांना नाही म्हणत गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी माझाच अर्धा तास इंटरव्ह्यू घेतला. घरी कोण कोण? (मी आणि आई.) नोकरी कुठं? (फ्रीलान्स, घरूनच.) भाड्याचं घर की स्वतःचं? लग्नाचं काय? नोकरीच्या इंटरव्ह्यूला मला एवढा घाम फुटला नव्हता. शेवटी म्हणाले, ‘पैसे नाही पाहिजे बेटा. रात्री याले बाहेर बांधणार नाही, एवढं सांग फक्त.’

मग त्यांनी दोनशे पानी वही आणून दिली. मला वाटलं, लसीकरणाचं कार्ड असेल. वहीत सगळं होतं. लसी, जंताचं औषध, वजन, आणि पुढे त्यांच्या वळणदार अक्षरात, ‘पोळी दुधात भिजवून खातो, कोरडी ठेवली तर लपवतो. फटाक्यांना घाबरतो, दिवाळीत पलंगाखाली जागा करून द्यावी. ट्रकला भुंकत नाही, सायकलला भुंकतो. पाठीमागून आलेल्या माणसाने एकदम हात लावू नये.’

खरं सांगते, मोठा कुत्रा घेण्यातला सगळ्यात मोठा फायदा हाच. पिल्लू म्हणजे लॉटरीचं तिकीट. ते केवढं होणार, चावरं निघणार का, कंबरेची हाडं कशी निघणार, काही सांगता येत नाही. आणि शेफर्डमध्ये कंबरेच्या सांध्याचा त्रास बऱ्यापैकी दिसतो. सहा वर्षांच्या कुत्र्यात जे आहे ते समोर असतं. विचारणारा माणूस हवा आणि खरं सांगणारा मालक हवा.

पण वहीत एक गोष्ट लिहिलेली नव्हती. पहिल्या शिफ्टचा माणूस चार वाजता सुटतो. रोज सव्वाचार वाजले की टायगर आमच्या फाटकाशी जाऊन बसायचा. कान उभे, नजर रस्त्यावर. अंधार पडेपर्यंत. पहिले चार दिवस तो नीट जेवला नाही. पाचव्या दिवशी आई फाटकापर्यंत गेली, शेजारी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून मेथी निवडत बसली. त्याच्याकडे बघितलंही नाही. काही बोललीही नाही. त्या रात्री त्यानं दूध-पोळी संपवली. मावशीकडे जायचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही.

चालतं-फिरतं कुंपण

शेफर्ड म्हटलं की आपल्याला पोलीस आठवतात. आपल्या आई-बाबांच्या पिढीला ‘अल्सेशियन’ आठवतो. तो हाच बरं का! पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांना ‘जर्मन’ शब्द नको होता, म्हणून ठेवलेलं नाव. पण मूळ धंदा मेंढ्यांचा. तोही कसा? जर्मनीत शेतांना कुंपणं नसायची. दोन पिकांच्या मधल्या पट्ट्यात मेंढ्या चरायच्या आणि या कुत्र्याचं काम म्हणजे दिवसभर त्या पट्ट्याच्या कडेकडेनं येरझारा घालणं. मेंढीनं पिकात तोंड घालायचं नाही, कळपातून एकीनं फुटायचं नाही. म्हणजे कुत्रा हेच कुंपण.

हे कळल्यावर आमच्या घरातल्या निम्म्या कोड्यांचा उलगडा झाला. टायगर कंपाउंडच्या भिंतीच्या कडेनं दिवसातून वीस वेळा चालतो, तिथलं गवत जाऊन पायवाट पडलीय. आई मागच्या अंगणात आणि मी पुढच्या खोलीत असले की हा दोन्हीच्या मधल्या पॅसेजमध्ये आडवा. आम्ही दोघी एका खोलीत आलो की सुस्कारा टाकून झोपतो. शेजारची पोरं क्रिकेट खेळताना पांगली की याचा जीव खालीवर. एकदा त्यानं चार पोरांना हळूहळू ढकलत, एकालाही दात न लावता, पारिजातकाच्या झाडाखाली गोळा केलं. पोरं खूश, पोरांच्या आया नाही.

काम करणाऱ्या जातीचा कुत्रा रिकामा बसला की स्वतःच काम शोधतो, आणि त्यानं शोधलेलं काम आपल्याला आवडतंच असं नाही. दूधवाल्याच्या पोटऱ्या, सायकलची चाकं, सोफ्याचं फोम... म्हणून आम्ही त्याला ड्युटी लावून दिली. सकाळी पेपर आईपर्यंत पोचवायचा. दुपारी मी पोळीचे तुकडे घरभर लपवते, ते हुंगून काढायचे. संध्याकाळी ‘आई कुठंय?’ म्हटलं की आईला शोधायचं. वीस मिनिटांत असा दमतो, जसा तीन किलोमीटर चालूनही दमत नाही. नुसता ‘वॉक’ पुरेसा नाही, डोक्यालाही व्यायाम हवा. तुम्हालाही दिवसभर नुसतं ट्रेडमिलवर ठेवलं तर कसं वाटेल?

ऊन की बिबट्या?

आता पुण्याच्या मैत्रिणीचा प्रश्न. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४६-४७ अंशांवर जातो. शेफर्डच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच गार होतो. लोक सल्ला देतात, केस भादरून टाका. अजिबात नको. तेच केस उन्हापासूनही आडोसा करतात. फक्त रोज विंचरायचे, म्हणजे आतले सुटलेले केस निघून जातात आणि वारा लागतो. डांबरी रस्त्यावर तळहाताची उलटी बाजू पाच सेकंद टेकवून बघायची. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही.

मग फिरायला न्यायचं कधी? इथं आमच्या जिल्ह्याचा खरा पेच सुरू होतो. उन्हापासून वाचायचं तर अंधारात न्यायला हवं. आणि अंधारात बिबट्या फिरतो, ज्याला कुत्रा मनापासून आवडतो. हा अंदाज नाही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचे नमुने तपासले होते. २०१४मध्ये तो अभ्यास छापून आला. तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा एकट्या पाळीव कुत्र्यांचा होता. अकोल्यात ऊस, आमच्याकडे जंगल आणि झुडपं. पण सोपी शिकार दोन्हीकडे सारखीच.

काकांची ती एकच अट मला तेव्हा प्रेमापोटी घातलेली वाटली होती. ती प्रेमाची होतीच, पण हिशेबाचीही होती. रात्री अंगणात साखळीनं बांधलेला कुत्रा म्हणजे राखण नव्हे, ताट वाढून ठेवणं. आणि त्याच्या वासानं आलेला बिबट्या अंगणात झोपलेल्या माणसांच्याही जवळ येतो.

त्यामुळे उन्हाळ्यात आमच्या हातात पाऊण तास असतो. सूर्य साडेपाचच्या आसपास उगवतो. सव्वापाचला फटफटलं की निघायचं, सहाच्या आत परत. हातात काठी, दोरी आखूड, रस्ता दिव्यांचा, झुडपांकडची बाजू सोडून. दिवसभर तो डेझर्ट कूलरसमोर, ओल्या गोणपाटावर. कूलरची सगळ्यात चांगली जागा त्याची, हे आईनंच जाहीर केलंय.

त्या पहिल्याच वर्षी नोव्हेंबरात एका रात्री तीनच्या सुमारास तो गुरगुरायला लागला. भुंकला नाही. खालच्या आवाजात, थांबून थांबून. आई पाणी प्यायला उठली होती, मागचं दार उघडायला गेली, तर हा दाराला अंग लावून उभा. ती सरकवतेय, हा हलत नाही. शेवटी तीच वैतागून परत आली. सकाळी गल्लीच्या टोकाचा मोत्या दिसला नाही. आमच्या मागच्या घराच्या कॅमेऱ्यात तीन वाजून आठ मिनिटांनी भिंतीवरून चालत जाणारं जनावर दिसलं. लांब शेपूट, घाई नाही. मोत्या पुन्हा कुणाला दिसला नाही. आईनं ते फुटेज एकदाच बघितलं. त्यानंतर रात्री मागचं दार कुलूप लावून बंद असतं आणि दिवे लावूनच उघडतं.

गोचीड, ताप आणि आई

जंगलाच्या कडेला कुत्रा ठेवायचा म्हणजे दोन गोष्टींचा हिशेब पक्का हवा, गोचीड आणि लस.

त्या पावसाळ्यात टायगरला गोचीड-ताप झाला. गवतातून आलेला एवढासा किडा, पण रक्तातल्या प्लेटलेट्स खाली आणतो. आणि शेफर्डमध्ये हा आजार इतरांपेक्षा जड जातो. दोन दिवस जेवण बंद, हिरड्या पांढुरक्या, डोळ्यांत जान नाही. रक्त तपासलं, चार आठवड्यांचा गोळ्यांचा कोर्स लागला. त्यातले पहिले आठ दिवस आई त्याच्या शेजारी जमिनीवर चटई टाकून झोपली. बाबा गेल्यापासून ती रात्री झोपायची नाही, टीव्ही लावून बसायची. त्या आठ दिवसांत टीव्ही बंद होता. तो बरा झाला, ती पलंगावर परत गेली, तर हा उठून तिच्या पलंगाशी. अजून तिथंच असतो. आता गवतातून आलं की दोघी मिळून त्याचे कान, बगला, बोटांच्या बेचक्या तपासतो. रोज. कंटाळा आला तरी.

लसीचं कारण आणखी मोठं आहे. कुत्र्यांमधला डिस्टेंपर वन्य प्राण्यांनाही होतो. २०१८मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत २३ सिंह मेले, तेव्हा त्यातल्या काहींमध्ये हाच विषाणू सापडला होता. आमच्या शेजारच्या जंगलात वाघ आहेत, बिबटे आहेत, रानकुत्र्यांचे कळप आहेत. माझ्या कुत्र्याची वर्षाची सुई चुकली, तर प्रश्न फक्त माझ्या घराचा राहत नाही. आणि हो, ताडोबाच्या सफारीला येताना तुमचा पेट घरीच ठेवून या. आत नेता येत नाही, ते बरंच आहे.

‘राखते काय तो?’

मध्यंतरी एका स्टोरीसाठी मोहर्लीच्या बाजूला बफरमधल्या गावात गेले होते. आमच्याकडे गावची गुरं चारायला नेणाऱ्याला गायकी म्हणतात. सत्तरीच्या घरातला असा एक गायकी आखरावर भेटला. साठ-सत्तर गुरं, हातात कुऱ्हाड, सोबत तांबूस रंगाचा, कान फाटलेला गावठी कुत्रा. मी कौतुकानं सांगितलं की, माझ्याकडेही राखणीच्या जातीचा कुत्रा आहे, परदेशी. बाबांनी विचारलं, ‘मंग राखते काय तो?’

मी म्हटलं, ‘आम्हाला. मला आणि माझ्या आईला.’

‘दोघीच?’ बाबा खो खो हसले. ‘दोघींसाठी एवढं मोठं जनावर! याच्यापाशी पाहा, सत्तर हायेत.’

बरोबरच होतं त्यांचं. त्यांच्या त्या फाटक्या कानाच्या कुत्र्याला कुणी जातीचं सर्टिफिकेट दिलेलं नाही, आणि त्यानं वाघाची चाहूल लागून गुरं गावाकडे वळवलीत. तुम्हाला कुत्रा हवाय, जात नकोय, असं असेल तर आधी तुमच्या गल्लीतल्या गावठी पिल्लांकडे बघा. त्यांना हे ऊन सोसतं. शेफर्ड मुद्दाम विकत आणून या उन्हात ठेवू नका. पण जो आधीच इथं आहे आणि ज्याचं घर सुटलंय, त्याचं काय, एवढाच माझा प्रश्न होता.

तसं शेफर्डच्या भाऊबंदांना आमच्या भागात सरकारी नोकरीही आहे! शेजारच्या गडचिरोलीत, जो १९८२पर्यंत आमच्याच जिल्ह्याचा भाग होता, तिथं कामावर गेले की रस्त्याच्या कडेनं जवानांच्या पुढे हुंगत चालणारे कुत्रे दिसतात. सुरुंग शोधणारे. सीआरपीएफमध्ये त्यासाठी बेल्जियन मॅलिनॉय वापरतात. तीही मूळची मेंढ्या राखणारीच जात. काम बदललं, स्वभाव तोच, सगळ्यांच्या पुढे राहून कळप सुखरूप न्यायचा. अशी कुत्री रिटायर झाल्यावर त्यांनाही घर लागतं. लष्कराची निवृत्त कुत्री मेरठच्या केंद्रातून दत्तक मिळतात. आणि अनाथ प्राण्याला घरात घ्यायची गोष्ट निघाली तर गडचिरोलीला कुणी काय शिकवायचं? भामरागडजवळ हेमलकशाला प्रकाश आणि मंदाकिनी आमटेंनी शिकारीत आई गमावलेलं माकडाचं पिल्लू घरी आणलं, आणि त्यातून पुढे अख्खं अनाथालय उभं राहिलं. आमचा टायगर त्या मानानं फारच सोपा पेपर.

हजेरी

दिवाळीला दादा, वहिनी आणि भाची हिंजवडीहून आले. चार दिवस टायगरला फुल टाइम ड्युटी. घरातली पाचही माणसं मोजून झाल्याशिवाय झोपायचा नाही. रात्री गच्चीवर गप्पा मारत बसलो की हा जिन्याच्या तोंडाशी, म्हणजे कुणी उतरलं तर कळावं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दादाची गाडी निघाली. टायगर फाटकाशी गेला आणि बसला. आई म्हणाली, ‘चल रे, ते आता होळीलाच येतील.’ तो हलला नाही. मग आईनंच खुर्ची आणली.

आपण सगळे नोकऱ्यांमागे पांगलोय. आपल्याला त्याची सवय झालीय, आई-वडिलांनी करून घेतलीय. या जातीच्या कुत्र्याला ती होत नाही. त्याच्या हिशेबात एक कमी म्हणजे कमी.

काका सुरुवातीला दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचे. स्क्रीनवरच्या चेहऱ्याकडे टायगर बघायचासुद्धा नाही. मग एकदा त्यांनी त्यांची ती जुनी, दोन तुकड्यांतली शिटी वाजवली. टायगर ताडकन उठला, फोनकडे न बघता थेट फाटकाशी गेला आणि रात्रीपर्यंत तिथून उठला नाही. मी काकांना सांगितलं नव्हतं, त्यांनीच फोनवर सगळं बघितलं होतं. पुढच्या रविवारी म्हणाले, ‘मी आता शिटी नाही मारत बेटा. तो फाटकावर जाऊन बसते.’ आता ते फक्त मला फोन करतात. काय खाल्लं, वजन किती, विचारतात. मागून काकूंचा आवाज येतो, ‘आवाज तरी ऐकव त्याचा.’

म्हणून सांगते, घ्यायच्या आधी स्वतःला विचारा, पुढची पाच-सात वर्षं मी कुठं असेन? बदली झाली तर? लग्न ठरलं तर? मालकाला विचारा, का देताय, कशाला घाबरतो, कधी कुणाला चावलाय का, एकटा किती वेळ राहतो? एकदा नाही, दोन-तीनदा भेटायला जा. त्याच्या घरी बघा, मग तुमच्या घरी. पहिले तीन महिने त्याच्याकडून काही मागू नका.

मला मागच्या वर्षी पुण्यातून एका नोकरीची ऑफर आली. चांगली होती. मी तिथं जाऊन दोन फ्लॅटही बघितले. एक सातव्या मजल्यावर होता, लिफ्ट मोठी होती, सोसायटीला कुत्रा चालणार होता. आईला तिथं करमणार नव्हतं, आणि टायगरला आईशिवाय. मी इथूनच काम करायचं विचारलं, ते नाही म्हणाले, मी नाही म्हटलं. त्याग वगैरे काही नाही, घरभाडं वाचतं आणि सकाळी सव्वापाचला उठल्यामुळे कामं वेळेवर होतात!

पण उद्याचं कुणाला माहीत? म्हणून काकांची ती वही मी पुढे चालू ठेवलीय. गोळ्यांची नावं, प्लेटलेट्सचे आकडे, कुठल्या शिटीला काय करतो, ‘आई कुठंय’ कसं खेळायचं. माझ्यानंतर दादा त्याला नेणार, असं त्याच्या सहीनिशी लिहून घेतलंय. टायगरच्या तोंडाभोवती आता पांढरं दिसायला लागलंय. वहीची पानं मात्र बरीच शिल्लक आहेत. परवा उघडली तर त्यात एक ओळ आईच्या अक्षरात होती, ‘सोमवारी माझा उपास असतो. साबुदाण्याच्या खिचडीकडे कितीही वेळ बघत बसला, तरी देऊ नये.’

खाली कंसात बारीक अक्षरात, ‘थोडीशी चालेल.’